सेकंड हँड बिऱ्हाड : भाड्याने फिरलेली मोटरहोम घेताना

पुण्याबाहेरच्या एका यार्डात गाडी बघायला गेलो, तेव्हा दाजींनी आधी टायरला लाथ मारली. मग बॉनेट उघडायला लावलं, सेल्फ मारायला सांगितला, धूर बघितला, ऑइलची काडी पुसून नाकाशी नेली. दाजी तासगावकडचे द्राक्षबागायतदार, ट्रॅक्टर आणि ब्लोअरशी रोजची गाठ. दहा मिनिटांत निकाल दिला, "इंजिन एक नंबर हाय पाव्हणं, घिऊन टाकू."

मी तोवर मागे होतो. बेडची गादी उचलून खालच्या प्लायच्या कोपऱ्यात खिशातलं बॉलपेन टेकवलं आणि दाबलं. चहात बुडवलेल्या पावात बोट जावं तसं निम्मं पेन आत गेलं. गाडीत मोगऱ्याच्या रूम फ्रेशनरचा घमघमाट होता आणि त्याच्या खालून कुबट वास येत होता. ती गाडी सोडली. चार महिन्यांनी दुसरी घेतली, तीही भाड्याने चाललेलीच. साताऱ्यात माझं बॅटरी आणि ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. "तुम्ही ती घराची गाडी घेतली ना, आम्हालाही बघायचीय," असं म्हणत महिन्याला एखादा तरी येतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

मोटरहोम घेताना आपण एका किमतीत तीन वस्तू घेतो. गाडी, तिच्यावर बांधलेलं घर आणि या दोन्हींचे कागद. तिघांचं वय सारखं नसतं. भाड्याने फिरलेल्या मोटरहोममध्ये गाडी बहुधा धडधाकट असते, घर थकलेलं असतं, आणि कागद तर घेणाऱ्यालाच थकवतात. आपण बघायला जातो ते मात्र दाजींसारखं, इंजिनापासून. माझं म्हणणं एवढंच, की क्रम उलटा करा. आधी कागद, मग घर, शेवटी इंजिन.

याचं कारण साधं आहे. आपल्याकडे मोटरहोम शक्यतो ड्रायव्हरसकट भाड्याने जाते. इंजिन, क्लच, गिअर एकाच पगारी माणसाच्या हातात राहतात आणि गाडी बंद पडली तर त्यालाच घाटात रात्र काढावी लागते, म्हणून तो तिला जपतो. घर मात्र दर शनिवार-रविवारी नव्या कुटुंबाच्या ताब्यात. कुणी नळ पिळून आवळतो, कुणी बाथरूमचं दार उघडं टाकून अंघोळ करतो, पोरं फ्रीजच्या दाराला लोंबकळतात. अमेरिकेत क्रूझ अमेरिकासारख्या मोठ्या कंपन्या भाड्याच्या जुन्या मोटरहोम थेट लोकांना विकतात, तो त्यांच्या धंद्याचाच भाग आहे. आपल्याकडे एक-दोन गाड्या घेऊन धंदा करणारे जास्त, आणि सर्व्हिसची नोंद म्हणाल तर ड्रायव्हरच्या डायरीत.

विकायला का निघतात

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने कॅरॅव्हॅनसाठी धोरण आणलं २०१० मध्ये, महाराष्ट्राचं आलं २०२१ मध्ये. त्या हवेत धंद्यात उतरलेल्या काहींच्या गाड्या आता बाजारात दिसतात. पण धंदा चांगला चाललेला माणूसही तीन-चार वर्षांत गाडी काढतो. त्यामागे घसाऱ्याचं, म्हणजे गाडी झिजते म्हणून करात मिळणाऱ्या वजावटीचं, गणित आहे. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांवर आयकरात वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो, तोही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. २० लाखांची गाडी पहिल्या वर्षअखेर पुस्तकात १४ लाखांची, दुसऱ्या वर्षी ९ लाख ८० हजारांची आणि तिसऱ्या वर्षी ६ लाख ८६ हजारांची राहते. त्यानंतर घसाऱ्याचा फायदा घटत जातो आणि दुरुस्ती वाढत जाते. तेव्हा मालक "२५ लाख घातलेत हो" म्हणाला की मान डोलवा, पण बोली त्या आकड्यावरून सुरू करू नका.

"जीएसटी वेगळा पडेल" असंही काही जण म्हणतात. नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीवर १८ टक्के कर आहे हे खरं. पण गाडी घेताना त्याने इनपुट क्रेडिट, म्हणजे तेव्हा भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलं नसेल, तर हा कर पूर्ण किमतीवर लागत नाही. विक्रीची किंमत आणि पुस्तकी किंमत यांच्या फरकावर लागतो. फरक उणे असेल तर काहीच नाही. त्यामुळे बिल मागा आणि कर कशावर लावलाय ते बघा.

आधी कागद

आरसीचा फोटो मागवा. गाडी बघायला जायच्याही आधी. त्यात पहिली नजर वाहनाच्या वर्गावर टाका. परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीत कॅम्पर व्हॅनचे दोन वर्ग आहेत : एक 'कॅम्पर व्हॅन/ट्रेलर', म्हणजे धंद्याची गाडी, आणि दुसरा त्याच नावापुढे 'खासगी वापर' लिहिलेला. 'मोटर कॅरॅव्हॅन' असाही वर्ग आहे. यातलं काहीच नसेल आणि आरसीवर १२ किंवा १३ आसनांची मिनीबस लिहिली असेल, तर ओळखा की सीट काढून बेड टाकलेत आणि ते आरटीओला कुणी सांगितलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे मंजूर झालेली गाडी आरसीवर तशीच चढते. आरसीत आसनक्षमतेसोबत झोपण्याच्या जागांचाही रकाना असतो. आत बेड मोजा, कागदावर आकडा बघा. दोन्ही जुळत नसतील तर अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर ते पाच मिनिटांत जुळवून दाखवेल, आणि तेव्हा खिसा तुमचा असेल.

दुसरा प्रश्न प्लेटचा. भाड्याची गाडी पिवळ्या प्लेटवर असते. ती तशीच ठेवायची की पांढरी करून घ्यायची, हे गाडी घेण्याआधी ठरवा, कारण खर्चाचं सगळं गणित त्यावर बसतं. पिवळी ठेवली तर परमिट लागतं आणि फिटनेसचं पासिंग लागतं. पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. ८ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर येतो. पांढरी केली तर पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं फिटनेसची कटकट नाही, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. पण लक्षात घ्या, १५ वर्षं मोजायची ती गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हापासून. ५ वर्षं चाललेली घेतली तर हातात १० उरतात.

पिवळ्याची पांढरी करायची तर विकणाऱ्याने परमिट जमा करायला हवं, थकलेला कर आणि ई-चलनं भरायला हवीत, कर्ज असेल तर बोजा उतरवायला हवा. मग वर्ग बदलतो, खासगी गाडीच्या कराचा फरक भरावा लागतो, नवा नंबर येतो, नवी हाय सिक्युरिटी प्लेट येते. तो कराचा फरक किती, हे आरटीओतून आधी काढून घ्या आणि किमतीतून वजा धरून मगच बोला. आमचे लोक इथेच चुकतात. "गाडी स्वस्तात पडली" म्हणून पेढे वाटतात आणि महिन्याभराने तोंड बारीक करून फिरतात.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. सांगलीकरांना बेळगाव, विजापूर जवळ असल्याने कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. त्यात इथला कर आणि नवा नंबर धरला की स्वस्ताई निम्मी गळते. विकणारी कंपनी असेल तर सही कुणाची चालते तेही विचारा. आमच्या वेळी फॉर्म ३५ वर सही होती, पण शिक्का होता वित्तसंस्थेच्या बंद झालेल्या शाखेचा. आरटीओने कागद परत केला, आणि बरोबरच केलं. नवीन शिक्क्यासाठी मी आणि दाजी आळीपाळीने पुण्याला सात फेऱ्या मारल्या. टोकन दिलेलं, गाडी दारात, आणि एमएच-११ च्या कार्यालयात आमची फाइल धूळ खात पडलेली. सव्वातीन महिने गेले.

या अधल्यामधल्या काळात गाडी चालवायची का? इथे मोटार वाहन कायद्यात विम्याचं एक बारीक कलम आहे, १५७. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप घेणाऱ्याकडे जातो असं कायदा मानतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. तुम्ही १४ दिवसांत अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यायची. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, तो तुम्हाला मिळत नाही. शिवाय आरसीवर जुन्याचं नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे नाव बदलायची घाई विकणाऱ्यालाही हवी. "वापरा हो निवांत, कागद होत राहतील" असं तो म्हणत असेल, तर त्याला एक तर कायदा माहीत नाही किंवा आपल्याला काहीतरी माहीत नाही.

लायसन्सची भीती मात्र सोडा. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, पिवळ्या प्लेटची असली तरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम या मर्यादेच्या बरीच आत बसते.

घर : पाणी कुठून शिरलं

मोटरहोमचा खरा शत्रू गंज नाही, ओल आहे. गाडीचा सांगाडा लोखंडाचा, आतलं फर्निचर प्लायचं, छताला कधी पत्रा तर कधी फायबर. प्रत्येक वस्तू उन्हात वेगळी फुगते. पसरणी घाटाच्या वळणांवर सांगाडा पिळवटतो, तशी प्रत्येक सांध्यातली सीलंटची रेघ थोडी थोडी सुटते. त्यातून छताला एसी, सोलर पॅनल, हवेची झडप, आणि प्रत्येकासाठी स्क्रूची भोकं. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पलीकडे माण-खटाव कोरडं ठणठणीत. सकाळी धुक्यात भिजलेली गाडी दुपारी म्हसवडच्या उन्हात भाजते. भाड्याच्या गाडीने हे शेकडो वेळा सोसलेलं असतं.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. दाभण घ्या. बेडखाली, सिंकखाली, मागच्या चाकाच्या कमानीवर आणि खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत हलकेच टोचा. चांगला प्लाय दाद देत नाही. बोटाच्या पेराने ठोका, टणक आवाज आला पाहिजे, बद्द आला तर आत पोकळ झालंय. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का दिसला तर मरीन प्लाय आहे, ३०३ असेल तर साधा. नवा लॅमिनेट फक्त एकाच कोपऱ्यात चिकटवलेला दिसला तर तिथेच जास्त टोचा. आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे गाडी वॉशिंग सेंटरवर न्या, छतावर पंधरा मिनिटं पाणी सोडायला सांगा आणि तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा. विकणारा याला नाही म्हणाला तर तुमचे वॉशिंगचे पैसेही वाचले.

पुराचं पाणी ही निराळी गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी आहे ४५. किती गाड्या बुडाल्या ते सांगलीकरांना सांगायला नको. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, चिपळूण तर आख्खं पाण्यात होतं. त्या गाड्या कुठे तरी गेल्याच ना? सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून काढा. धुणारे सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टच्या गुंडाळीतला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे गाळाची तपकिरी रेघ दिसली की नमस्कार करून निघा. सीटच्या रुळांचा गंज आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरमधली बारीक माती हेही तेच सांगतात.

वीज : इथे मी जरा जास्त बोलणार

घरातली बॅटरी वेगळी आणि सेल्फची वेगळी. घरातली बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. त्यावर लिहिलेले अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट केले की वॉट-अवर मिळतात. १५० च्या दोन बॅटऱ्या म्हणजे ३,६०० वॉट-अवर. पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत गेलं तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हिशेबाला धरायचे १,८०० च.

आता खर्च बघा. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला साधारण ५०० घेतो. २० वॉटचा पंखा रात्रभर १० तास चालला तर २००. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप मिळून आणखी २००. झाले ९००. दोन दिवस आरामात निघतात. आणि एक टनाचा एसी तासाला ९०० ते १,००० वॉट-अवर खातो. दोन तासांत टाकी रिकामी. म्हणून "बॅटरीवर रात्रभर एसी चालतो" असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब मांडायला सांगा. सोलर पॅनल ३०० वॉटचं असेल तर स्वच्छ उन्हात दिवसाला ९०० च्या आसपास देतं. फ्रीज-पंख्याला पुरतं, एसीला नाही. आणि पावसाळ्यात महाबळेश्वरला सोलरचा भरवसा धरूच नका.

भाड्याच्या गाड्यांत मला दर वेळी दिसणारी गोष्ट म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी. स्वस्त पडते म्हणून बसवतात. ती जागेवर उभी राहण्यासाठी बनलेली असते. घाटात अॅसिड डुचमळतं, प्लेटा हलतात, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि हे सगळं झोपायच्या बेडखाली. बॅटरीच्या कप्प्याला बाहेर उघडणारी जाळी नसेल तर गाडी घेतल्यावर पहिला खर्च तो करा. अशा दोन बॅटऱ्यांचं वजन १०० किलोच्या वर भरतं हे पुढे वजनाच्या हिशेबात आठवा.

बॅटरी जिवंत आहे का, हे नुसत्या व्होल्टमीटरने कळत नाही. मेलेली बॅटरीसुद्धा चार्जरवरून काढल्या काढल्या १२.७ दाखवते. ६० वॉटचे हेडलाइटचे दोन बल्ब जोडा, म्हणजे १० अँपिअरचा भार झाला. १५० ची चांगली बॅटरी निम्मी व्हायला ७ तासांच्या आसपास घेते. दोन तासांतच ११.८ च्या खाली आली तर ती फक्त वजनाला उरली आहे. एवढा वेळ विकणारा थांबतो का? थांबत नाही. म्हणून मी सरळ नव्या बॅटऱ्यांचे पैसे धरूनच भाव करतो.

लिथियम असेल तर चांगलं, ती हलकी असते आणि बरीच खोलवर वापरता येते. पण ती गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला, थेट जोडलेली नको. लिथियम बॅटरी हावरटासारखा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर आहे का बघा.

आणि एक गोष्ट जिवाची. रिसॉर्टमध्ये २३० व्होल्टची केबल बाहेरून जोडतात तेव्हा तिथल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, आतल्या गिझरमध्ये गळती असेल, तर गाडीचा अख्खा पत्रा करंट धरतो. तुम्ही अनवाणी, ओल्या गवतावर, दाराची कडी धरून. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बोर्डात असलाच पाहिजे, आणि त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं की तो पडला पाहिजे. आमच्या गाडीत आरसीसीबी होता, पण कुणीतरी "सारखा पडतो" म्हणून तार वळसा घालून नेलेली होती. तो सारखा पडत होता कारण गिझर गळत होता.

गॅसचं थोडक्यात सांगतो. घरगुती लाल सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं आणि कप्पा आतल्या बाजूने बंद हवा. रबरी नळीवरची तारीख बघा, ५ वर्षांहून जुनी असेल तर बदला.

काटा करा

गाडी बघायला गेलात की एकदा वजनकाट्यावर चढवा. ऊसपट्ट्यात आपल्याला काटे शोधायला लागत नाहीत. दाजी म्हणाले, "कारखान्याचा नको, खासगी बघा." ऊसवाल्याचा पोर, तो असंच म्हणणार.

आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरल्या गाडीचं जास्तीत जास्त. समजा भरल्याचं ४,००० किलो आहे, आणि टाकी रिकामी असताना काट्यावर ३,४२० भरले. उरले ५८०. सहा माणसं ६५ किलोंची धरली तरी ३९०. दीडशे लिटर पाणी म्हणजे १५० किलो. बेरीज ५४०. आता उरलेल्या ४० किलोंत बॅगा, भांडी, गॅस, खुर्च्या आणि सासूबाईंचं लोणचं बसवा. मग आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घ्या, नंतर नुसती मागची. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या मागच्या चाकाच्याही मागे असतील तर पुढचा भाग हलका होतो आणि महामार्गावर स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं.

शेवटी इंजिन

दाजींचं काम मी हलकं धरत नाही, पण एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती. भाड्याची मोटरहोम रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवून उभी असते. मीटर हलत नाही, इंजिन मात्र तासन् तास फिरतं. म्हणून ६० हजार किलोमीटरचा आकडा बघून खूश होऊ नका. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावला तर कॉमन रेल इंजिनचे चाललेले तास बऱ्याचदा निघतात. ते नसेल तर ऑइल बदलल्याच्या तारखा बघा, किलोमीटर नंतर. बीएस-६ डिझेल अशी उभ्या जागी चालवली की धुराचा फिल्टर काजळीने भरतो, त्याचा दिवा डॅशबोर्डवर येतो का बघा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून धूर फुंकला जातो का ते, बघणं कुठल्याही फिटरला येतं.

चाचणी घ्यायची तर यवतेश्वरचा घाट घ्या. साताऱ्यातून कासकडे चढताना तापमानाचा काटा वर सरकतो का, तिसऱ्यावर क्लच घसरतो का, आणि उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी धरते का, तिन्ही कळतं. गाडी ८० च्या पुढे जात नसेल तर पिकअप गेला असं समजू नका. धंद्याच्या गाडीला वेग अडवणारा स्पीड गव्हर्नर असतो. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, ३२२२ म्हणजे २०२२ सालचा बत्तिसावा आठवडा.

घरी आणल्यावर

गाडी आम्ही दाजींच्या बेदाणा शेडमध्ये ठेवतो. द्राक्षं वाळवायचा हंगाम संपला की शेड वर्षभर मोकळीच असते. हंगामात ती साताऱ्याला माझ्या दारात येते आणि शेजाऱ्यांशी माझे संबंध बिघडतात. शेडमध्ये त्रास उंदरांचा. पहिल्याच वर्षी त्यांनी पाण्याच्या पंपाची वायर खाल्ली. आता आत खाण्याचा कणही ठेवत नाही, फ्रीजचं दार लाकडी चिमटा लावून उघडं ठेवतो, आणि पंधरा दिवसांनी गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवतो. नुसतं जागेवर चालू करून बंद करण्यात काही अर्थ नाही, त्याने फिल्टरच भरतो.

पांढरी प्लेट झाली म्हणून टोल कमी होत नाही. टोल गाडीच्या प्रकारावर असतो, प्लेटच्या रंगावर नाही, म्हणून आनेवाडीला आणि तासवड्याला आम्ही मिनीबसचाच भरतो. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपला घ्या.

संडासाचा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. सुटी टाकी असते, १५-२० लिटरची, चार जणांत दोन दिवस पुरते. ती रिकामी करायची ती घरच्या सेप्टिक टँकमध्ये. फॉर्मल्डिहाइडचं केमिकल वापरलं तर टँकमधले जिवाणू मरतात, म्हणून ते टाळा. बामणोलीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी किंवा कुठल्याही ओढ्यात टाकी ओतणारा माणूस माझ्या दुकानात आला तर मी त्याची बॅटरी चार्ज करत नाही.

आणि कासचा फुलांचा हंगाम आला की फोन सुरू होतात. "दोन दिवस द्या की गाडी, डिझेल आमचं, वर पाच हजार." पांढऱ्या प्लेटवर भाडं घेतलं तर ती परमिटशिवायची वाहतूक, कायद्यात पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड, शिवाय कैदेची तरतूद, आणि वाटेत काही झालं तर विमा हात वर करणार. दाजींच्या चुलतभावाला हे तीनदा सांगून झालंय. चौथ्यांदा त्याने विचारलं, "मग बिगरपैशाची द्या." आता याला काय सांगायचं ते मी दाजींवर सोडलंय, आरसीवर नाव त्यांचं आहे.